प्रति: नुसतं बेसबॉल रंगवून पोट भरतं का?

वर विचारलंय की एकच खेळ आयुष्यभर रंगवून चित्रकाराचं घर चालतं का, तर डिक पेरेझचं चाललं की! हा माणूस मूळचा पोर्टो रिकोचा, लहानपणी न्यूयॉर्कला आला, आणि त्याला खरा हात दिला तो पोरं जमवतात त्या खेळाडूंच्या पुठ्ठ्याच्या कार्डांनी, गॅलरीने नाही. १९८२ पासून डॉनरस या कार्डं काढणाऱ्या कंपनीच्या पाकिटात त्याचे 'डायमंड किंग्ज', म्हणजे त्याने रंगवलेल्या खेळाडूंची कार्डं, यायची, सुरुवातीला अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये टीम २६ होत्या म्हणून प्रत्येकीचा एक असे २६ खेळाडू, आणि हे १९९६ पर्यंत चाललं! शिवाय कोर्टाच्या भानगडीमुळे डॉनरसला कार्डांसोबत च्युइंगगम देता येईना म्हणून त्यांनी कोड्याचे तुकडे घातले, बेब रूथ या जुन्या दिग्गज खेळाडूचं चित्र पुरं करायला पोरं पाकिटावर पाकिटं फोडायची. पुढे कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंचा मान राखणाऱ्या म्युझियमचा, तो अधिकृत चित्रकारही होता.

पण मला विचाराल तर ग्रेग क्राइंडलर हा दुसरा बेसबॉल चित्रकार जास्त भारी. तो जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेतो आणि ऑइलमध्ये रंगीत करतो, म्हणजे मनाला येईल तो रंग फासला असं नाही हां, त्या दिवशी ऊन होतं का ढग, मॅच किती वाजताची म्हणजे सावली कुठे पडेल, भिंतीवरच्या जाहिरातीचा हिरवा नेमका कुठला, सगळं आधी खणून काढतो. निग्रो लीगला, म्हणजे गोऱ्यांच्या लीगमध्ये घेत नसत तेव्हाच्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगला, २०२० मध्ये १०० वर्षं झाली तेव्हा कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग म्युझियममध्ये त्याने केलेली २०० च्या वर पोर्ट्रेट्स लागली होती. त्यातल्या कितीतरी जणांना तोवर कोणी रंगात पाहिलंच नव्हतं.