ऑक्साइडचे थर: हाताने बनवलेत? मग अनुभव लिहा

टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड), झिंक ऑक्साइड, बिस्मथ व्हॅनाडेट ही प्रकाश शोषून रासायनिक क्रिया किंवा वीज घडवणारी ऑक्साइडं ज्यांनी स्वतः बनवलीयत, त्यांनी पेपरात न येणारं लिहावं. सुरुवात मी करते.

कोल्हापूर, पीएचडी
पावसाळ्यात टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची (ज्यापासून टायटॅनिया बनवतो त्या द्रवाची) बाटली उघडली की हवेतला ओलावा लगेच आत शिरतो. पिपेटच्या टोकाशीच पांढरं साचायला लागतं. जून ते सप्टेंबर माझे निम्मे सोल (थर देण्यासाठीची मिश्रणं) वाया गेले. शेवटी सकाळी सगळं मोजून तयार ठेवायचं आणि बाटली अगदी शेवटी, मिनिटभरच उघडायची, असा नेम केला. भट्टीत ४५० अंशांना अॅनाटेज, म्हणजे टायटॅनियाचं हवं ते स्फटिकरूप, छान तयार व्हायचं. त्याच्या खूप वर गेलं की रुटाइल हे दुसरं रूप डोकावायला लागतं.

इचलकरंजी परिसर, सध्या सांडपाणी प्रक्रियेत
एमएस्सीला मेथिलीन ब्लू हा निळा रंग ऑक्साइडच्या पावडरीने उन्हात घालवण्यावर काम केलं. उन्हात दोन तासांत निळा रंग गेला, आनंदाने घरी फोनही केला. मग सरांनी विचारलं, "पावडर न घालता ठेवलेल्या बीकरचं काय झालं?" तसा बीकर मी ठेवलाच नव्हता. ठेवला, तर तोही फिकटला! उन्हात हा रंग आपोआपही विटतो. आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, म्हणजे पावडरीने नुसता शोषून घेतलेला रंग वेगळा कळतो, हेही तेव्हाच शिकलो. दोन महिन्यांची रीडिंग्ज टाकून दिली. पुढे रंगाई कारखान्याचं खरं पाणी घेतलं, तेव्हा दिवसभरात जेमतेम फरक पडला. त्यातलं मीठ आणि कार्बोनेट रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतात. आणि रंग गेला म्हणजे सेंद्रिय भार गेला असं नव्हे, म्हणून सीओडी (पाण्यातला असा भार मोजणारी ऑक्सिजनची रासायनिक गरज) मोजाच. नदीकाठच्या गावांसाठी हे काम करत असाल तर डिस्टिल्ड पाण्यावर थांबू नका, ही कळकळीची विनंती.

रत्नागिरी, शिक्षिका
मुलांबरोबर कोकमाच्या रसाचा सौर सेल केला. काचेची वाहक बाजू मल्टिमीटरने शोधली, तिच्यावर टायटॅनियाची पेस्ट ओढून भाजली आणि रसात बुडवली. पांढरा थर हळूहळू गुलाबी झाला. दुसऱ्या काचेवर पेन्सिल घासली, मध्ये आयोडीनचे थेंब. अंगणात नेल्यावर मीटरचा आकडा वर चढला. सेलवर हाताची सावली धरली की खाली, हात काढला की वर. एक मुलगी तेवढंच पुन्हा पुन्हा करत राहिली.

पुणे
टायटॅनिया उन्हातला जेमतेम पाच टक्के भाग, म्हणजे अतिनील तेवढाच वापरतो, म्हणून मी बिस्मथ व्हॅनाडेटकडे वळलो. त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला प्रकाशाची किमान लागणारी ऊर्जा) २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून दिसणारा प्रकाशही थोडा वापरतो; रंग हळदीसारखा. पण तोच थर दुसऱ्यांदा तसाच उतरत नाही. कुणाला जमलंय का?