वाडा मुळात कुणाचा, हे कसं शोधायचं?

ओसरी
पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका दुचौकी (दोन चौकांच्या) वाड्यावर लिहायचंय. सगळे 'पेशवाईतला' म्हणतात, पण कुणी बांधला, कधी, काही कळत नाही. छपरावर मंगलोरी कौलं, खाली सुरूचे (सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले लाकडी) खांब. सुरुवात कुठून करू?

तळखडा
कौलांवरून वय काढू नका. मंगलोरी कौलांचे कारखाने १८६० नंतरचे. नळीची कौलं उतरवून ती नंतर चढवलेली असतात, म्हणजे तारीख कळते ती छपराची. वाडा खालून वर बघा. जोत्याचे घडीव दगड आणि तळखडे (खांबाखालचे बैठकीचे दगड) सहसा कुणी बदलत नाही. चपट्या, पातळ विटांच्या भिंतीत जाड विटांचा पट्टा दिसला तर तेवढा भाग नंतरचा. सुरूचे खांबही खात्रीचे नाहीत, पडलेल्या वाड्याचं लाकूड दुसरीकडे सर्रास बसवत. तुळईत कशालाच न लागणाऱ्या रिकाम्या खाचा दिसल्या, किंवा खांबाची बैठक तळखड्याला जुळत नसली, तर लाकूड बाहेरून आलंय.
आगीही लक्षात घ्या. विश्रामबागवाडा १८०७ चा, पण १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. बुधवारवाडा तर गेलाच.

मोडीवाला
कागदांत आधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर लागेल. त्यावरचा सगळ्यात जुना धारक म्हणजे बांधणारा, ही नेहमीची चूक. तो मोजणीच्या वेळचा ताबेदार. केसरीवाडा आधी गायकवाडवाडा होता, टिळकांनी १९०५ मध्ये घेतला.
त्यामागचं पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात शोधा. रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागवताना फक्त आजच्या आडनावावर जाऊ नका. फडणीस, चिटणीस ही हुद्द्यांची नावं. नाना फडणवीस मूळचे भानू, कागदात 'बाळाजी जनार्दन' म्हणून येतात. रास्ते मूळचे गोखले.

ओसरी
घरमालकांकडे एक मोडी कागद निघाला. सन 'खमस सबैन मया व अलफ'. हे कसं वाचायचं?

मोडीवाला
अरबी अंक आहेत, उलटे लावा: अलफ १०००, मया १००, सबैन ७०, खमस ५. शुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) ११७५. वर्ष मृगाला (मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला) सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७७४-७५. फसली सनात (महसुली कालगणनेत) मात्र ५९०/५९१ मिळवतात. दोन्हींची गल्लत झाली की वाडा नऊ वर्षं सरकतो. 'छ' पुढचा आकडा म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र (तारीख), त्याला जंत्रीच (तारखा जुळवायचं कोष्टक) लागेल.
आणि कागद कसला आहे ते आधी बघा. गहाणखत असेल तर वाडा त्या साली उभा होता, एवढंच सिद्ध होतं.

तळखडा
चतुःसीमा (चारी बाजूंच्या हद्दी) लिहिली असेल तर तीही उतरवून घ्या. शेजाऱ्यांच्या नावांवरून जागा पक्की होते, घर नंबर तर पुढे बदलले.