मदत हवी आहे: रोड बाईकवर हात बधिर होतात, गुडघा दुखतो. फ्रेमच मोठी आहे का?

नमस्कार मंडळी,

नेरूळला राहते. वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ५८ किलो. आजवर सरळ हँडलची साधी सायकल चालवली, तीही भाजी आणायला आणि लेकीला क्लासला सोडायला. दिराची रोड बाईक गॅलरीत धूळ खात होती, ती त्याने मला देऊन टाकली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, साइज ५२, वाकडं हँडल, २५ मिमी रुंदीचे टायर. पळते झकास, पण मीच तिच्यावर फार वेळ टिकत नाही.

रूट सोपा आहे. सीवूड्सजवळ पामबीच रोडला लागायचं, मोराज सर्कलपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. पहाटे रस्ता मोकळा असतो, चढ नावालाही नाही. पहिला अर्धा तास मजेत जातो. मग डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्हींना मुंग्या येतात आणि नंतर काही जाणवतच नाही. घरी आल्यावर दुधाची पिशवी कापायला कात्री धरली तरी ती बोटं माझी नाहीत असं वाटतं. तासाभराने पूर्ववत होतं.

दुसरं, उजवा गुडघा. दुखणं वाटीच्या समोरच्या बाजूला, जिना उतरताना जास्त. तिसरं म्हणजे बसायची जागा. पुढून टोचतं आणि जांघेत काचतं. इतकं लिहिलं तरी बायकांना कळेल.

एका दुकानात नेली होती. टोचतंय म्हटल्यावर त्याने सीटचं नाक खाली केलं, वर जाड जेलचं कव्हर चढवलं, टायरमध्ये ११० पीएसआय हवा ठोकली आणि "मॅडम, सवय होईल" म्हणून रवानगी केली. टोचणं जरा कमी झालं, पण हात तेव्हापासूनच जास्त बधिर व्हायला लागले. याचा एकमेकांशी काही संबंध असतो का?

सीट मी मुद्दाम खाली ठेवली आहे. सिग्नलला बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकले नाहीत तर धडकीच भरते, पामबीचवर मागून गाड्या कशा येतात ते माहीत आहे तुम्हाला. घरात अ‍ॅलन कीचा सेट आहे आणि नवरा हौशी आहे. सायकल अंगाला बेतून देणाऱ्या फिटिंगवाल्याला पैसे मोजण्याआधी घरी काय काय करता येईल? की ५२ ची फ्रेम माझ्या उंचीला चालणारच नाही? तसं असेल तर दिराला नीट सांगून परत करीन, उगाच पार्ट घेत बसणार नाही.

येऊरकर:

ताई, संबंध आहे आणि अगदी सरळ आहे. सीटचं नाक खाली गेलं की माणूस सतत पुढे घसरत राहतो. घसरू नये म्हणून आपण हातांनी हँडलला रेटा देतो, कोपरं ताठ होतात आणि सगळा भार तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर जातो. तिथूनच अल्नर नर्व्ह जाते. करंगळी आणि अनामिका बधिर होते ती त्यामुळे. (अंगठा, तर्जनी, मध्यमा बधिर होत असती तर ती मीडियन नर्व्ह.) म्हणजे दुखतोय हात, पण पाना सीटला लावायचा.

आधी ते जेल कव्हर काढून टाका. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो. मग सायकल सपाट लादीवर उभी करून सीटवर पुढून मागे एक सपाट पट्टी ठेवा, तिच्यावर पाणसळ ठेवा आणि सीट लेव्हलला आणा. मोबाईलमधली लेव्हलही चालेल.

आता उंची. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं घट्ट वर दाबा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. क्रँक (पायडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण तेवढं हवं. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. सूत्र म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, पण सुरुवातीला बरं. पडताळा असा: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात आपोआप योग्य तेवढा वाक राहतो.

माझी पैज आहे की तुमची सीट बरीच खाली निघेल. गुडघा समोरून दुखतो तेव्हा पहिला संशय खाली असलेल्या सीटवरच घ्यायचा. मागून दुखत असता तर उलट म्हटलं असतं. एकदम वर नेऊ नका, एका वेळी ५ मिमी. चालवताना कंबर डावी-उजवी डुलायला लागली तर थोडं जास्त झालं समजा. सीटच्या दांडीवर (पोस्टवर) किमान किती आत राहायला हवं याची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. शिवाय जड गिअर रेटत असाल तर तेही थांबवा. मिनिटाला ८०-९० फेरे होतील असा हलका गिअर ठेवा.

राहिला सिग्नल. बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकले पाहिजेत हा हट्ट सोडावा लागेल. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, दोन्ही मांड्यांच्या मध्ये वरचा पाइप आणि एक पाय जमिनीवर. सोसायटीत सराव करा, आठवड्यात अंगवळणी पडेल.

सीट वर गेली की हँडल त्या मानाने आणखी खाली वाटेल आणि हात पुन्हा कुरकुरतील. घाबरू नका, स्टेमचा, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याचा, नंबर तेव्हाच येतो. आधी सीट, मग हँडल. दोन्ही एकाच दिवशी हलवलंत तर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

आणि पामबीचबद्दल. येऊरला चढावर माणूस झक मारत सीटवरून उठतो, घाटात हात बदलतो. पामबीच सरळसोट, अर्धा अर्धा तास कोणी जागचं हलत नाही. दर दहा मिनिटांनी पायडलवर उभ्या राहा, हात वरून बाजूला, बाजूवरून वर असे बदला, कोपरं सैल ठेवा. निम्मं दुखणं इथेच जाईल.

खारघरची ताई:

हवेचं कोणी बोललंच नाही. ५८ किलोला २५ च्या टायरमध्ये ११० म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक सांधा मनगटात. पुढे ७०, मागे ७५ ठेवून बघ. टायरवर लिहिलेला मोठा आकडा कमाल मर्यादा असते, तो गाठायचा नसतो. गेजवाला पंप घरातच ठेव, या बारीक व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरची नळी तशीही बसत नाही.

आता बायकांचं. पॅडवाल्या शॉर्ट्स घालतेस का? आणि आत काही घालतेस का? काहीही घालायचं नाही. हो, काहीच नाही. पॅड थेट अंगालाच हवं, आतल्या कपड्याची शिवणच काचते. आणि राईडनंतर मैत्रिणींबरोबर मिसळ खायला घामेजल्या शॉर्ट्समध्ये तासभर बसू नकोस, आपल्या दमट हवेत पुळ्या तिथूनच सुरू होतात.

सीटची रुंदीही बघ. दिराची सीट अरुंद असण्याची शक्यता आहे, बायकांच्या बसायच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे जास्त असतं. कुरिअरच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेव, त्यावर गुडघे वर घेऊन बस आणि थोडी पुढे वाक. उठल्यावर पेन्सिल आडवी धरून पुठ्ठ्यावर फिरवलीस की दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोज, त्यात २०-२५ मिमी मिळव. त्या रुंदीची, मध्ये खाच असलेली सीट बघ. बदलून देईल अशाच दुकानातून घे.

बधिरपणा राईड संपल्यावरही राहतच गेला, हाताचा किंवा खालचा, तर मात्र धागा सोडून डॉक्टरकडे जा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. मापं घेतली. पाय ७३ सेंमी, म्हणजे सीट ६४.५ हवी. होती ६१! हळूहळू ६३.५ पर्यंत आणली आहे. गुडघा जवळजवळ गप्प आहे. सीट लेव्हल केली, हवा कमी केली. बोटांना मुंग्या येतात अजून, पण परतीच्या वाटेवर, आणि उभं राहिलं की जातात. पुठ्ठ्यावर १२५ मिमी आले, दिराची सीट १३० ची निघाली. शॉर्ट्सबद्दल काही बोलत नाही, ताईला कळलं असेल.

आता ब्रेकवर हात ठेवले की कोपरं सरळच होतात. नवरा म्हणतो सीट पुढे सरकवू. सरकवू का?

येऊरकर:

नको. हँडल लांब आहे म्हणून सीट पुढे घेतली की गुडघा पायडलच्या फार पुढे जातो आणि नुकतंच शांत केलेलं दुखणं पुन्हा उठतं. क्रँक आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. तो पायडलच्या आसाच्या आसपास पडला तर सीट आहे तिथेच राहू द्या आणि स्टेम बदला. सध्याचं बहुतेक १०० मिमीचं असेल, ८० चं घ्या आणि कोन वरच्या बाजूला येईल असं बसवा. ५२ ची फ्रेम तुम्हाला एक साइज मोठी आहे हे खरं, पण ८० च्या स्टेमवर ती बहुधा निभावेल. ७० वरही हात लांबच पडले तर मात्र दिराला फोन करा.

ब्रेकचे लिव्हर बोटांना लांब पडत असतील तर बऱ्याच लिव्हरना जवळ आणायचा बारीक स्क्रू असतो, तोही बघा.

नवऱ्याला एवढंच सांगा: स्टेम बसवताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट, मग बाजूचे दोन. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची, टकटक जाणवली तर टोपी किंचित आवळायची, हँडल जड फिरलं तर सैल. ते जमलं की बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या टॉर्कपर्यंतच (आवळायच्या जोराचा आकडा). हँडलच्या समोरचे चारही असेच तिरक्या क्रमाने, दोन्हीकडची फट सारखी राहील असे. पहिली राईड सोसायटीतच.