शब्दचर्चा : पावसाच्या तक्त्यातला ‘निरंक’

मृगधारा

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या महसूल मंडळांचे जुलै महिन्याचे पावसाचे आकडे एकत्र लावते आहे. एकाच रकान्यात चार प्रकार दिसतात : कुठे ‘०’, कुठे ‘निरंक’, कुठे आडवी रेघ, तर कुठे ‘अप्राप्त’. बेरजेत मात्र चारही शून्यच धरले जातात. ‘निरंक’ म्हणजे पाऊस पडला नाही, की आकडाच मिळाला नाही?

दुसरा प्रश्न ‘अचूक’ या शब्दाचा. दशांशचिन्हापुढचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राला बातम्यांत सर्रास अचूक म्हणतात. ते बरोबर आहे का?

पिंपळपान

निर् अधिक अंक, म्हणजे ‘अंक नसलेला’. फोडीवरून तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण तिच्यात दोन्ही अर्थ बसतात. कचेरीतल्या वापरात मात्र अर्थ पक्का आहे. साथरोगांचा, अपघातांचा, प्रलंबित प्रकरणांचा मासिक अहवाल वरच्या कार्यालयाला जातो. कळवण्यासारखं काही नसेल तर ‘माहिती निरंक आहे’ असं लिहून खाली सही होते. अहवालच गेला नाही तर त्याला कोणी निरंक म्हणत नाही, त्याचं स्मरणपत्र येतं. म्हणजे निरंकामागे कोणीतरी उभं असतं आणि ‘मी पाहिलं, काही नव्हतं’ अशी ग्वाही देत असतं. पावसाच्या तक्त्यात त्याचा अर्थ ‘मोजपात्र पाहिलं, कोरडं होतं’ असाच घ्यायला हवा. रेघेला किंवा रिकाम्या रकान्याला तो अर्थ देता येणार नाही.

वातकुक्कुट

पिंपळपान यांनी ‘ग्वाही’ म्हटलं, सगळं त्यातच आलं. मी हवामान निरीक्षणाचं काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

साध्या पर्जन्यमापकाजवळ निरीक्षक सकाळी साडेआठला जातो, नरसाळं उचलतो, आत साठलेलं पाणी मोजपात्रात ओततो, डोळे पाण्याच्या पातळीला आणून वाचतो आणि वहीत लिहितो. पाणी नसेल तरी ०.० लिहितो. नरसाळ्यात पान अडकलं असेल तर ते त्याला दिसतं. त्याचं शून्य हे खरं निरंक.

स्वयंचलित केंद्रात नरसाळ्याखाली तरफेवर दोन छोट्या वाट्या असतात. आम्ही त्याला झुकती बादली म्हणतो. एक वाटी भरली की झुकून रिकामी होते आणि दुसरी धारेखाली येते. प्रत्येक झुकण्याबरोबर एक विद्युत ठोका नोंदला जातो. एक ठोका म्हणजे यंत्राप्रमाणे ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस. ठोका नाही तर पाऊस नाही, एवढंच त्या यंत्राला कळतं. नरसाळ्याच्या तोंडाशी वाळकं पान, पक्ष्याची विष्ठा, कोळ्याचं जाळं किंवा धुळीचा चिखल बसला की पाणी वर साचतं, खाली ठोका पडत नाही आणि दूरच्या संगणकावर ०.० उमटतं. त्या शून्यामागे पाहणारं कोणीच नसतं. त्याला निरंक म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

तुंबलेलं नरसाळं नोंदींवरूनही ओळखता येतं. पाऊस थांबल्यावर साचलेलं पाणी झिरपत राहतं. त्यामुळे ऊन पडलेलं, आर्द्रता उतरलेली, आणि तरी ठरावीक अंतराने एकेक ठोका तासन्‌तास चालू. खरा पाऊस इतका एकसारखा पडत नाही. मृगधाराताई, दिवसाची बेरीज न घेता तासातासाचे आकडे मिळाले तर ही खूण दिसेल.

बांधावरून

शेतकऱ्याच्या बाजूने एक सांगतो. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, हे गावात आता सगळ्यांना पाठ आहे. नुकसानीचे पंचनामे, मदत, सगळं त्या आकड्याशी बांधलेलं. फळपीक विमाही मंडळाच्या केंद्रावरच्या नोंदीवर ठरतो. शिवारात बांध फुटलेले असतात आणि केंद्राचा आकडा ६५ च्या आत असतो. आम्ही म्हणतो यंत्र खोटं बोलतं. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?

वातकुक्कुट

दादा, दोन वेगळी कारणं असू शकतात आणि त्यांना वेगळे शब्द हवेत.

पहिलं कारण केंद्राच्या जागेचं. पाऊस तुमच्या शिवारात पडला, केंद्रावर तेवढा पडलाच नाही. यंत्र बरोबर असतं, ते तुमच्या शेताचं प्रतिनिधी नसतं. याला ‘प्रातिनिधिकता’ म्हणतात. शब्द जड आहे, पण दुसरा सापडत नाही. केंद्र भिंतीला किंवा झाडाला खेटून उभं असेल तर ते आपल्या अंगणाचंही प्रतिनिधी राहत नाही. वारा मोजायला उघड्या जागेवर १० मीटर उंची आणि आडोशापासून त्याच्या उंचीच्या दहापट अंतर लागतं, ते यासाठीच.

दुसरं कारण यंत्राचं. वाटी झुकत असतानाच्या क्षणात वरची धार थांबत नाही. रिमझिम पावसात त्याने काही बिघडत नाही. ढगफुटीसारख्या सरीत मात्र प्रत्येक झुकण्यागणिक थोडं पाणी मोजल्याविना जातं. म्हणजे जोराच्या पावसात हे यंत्र नेमकं कमी दाखवतं. पडलेल्या ६८ चा ६३ झाला तर अतिवृष्टीच्या यादीतून मंडळ गळतं. म्हणून ठरावीक पाणी वेगवेगळ्या वेगाने नरसाळ्यात सोडून किती ठोके पडतात ते ताडून पाहावं लागतं आणि वेगानुसार दुरुस्ती लावावी लागते. एकाच मंद वेगाने ताडलेलं यंत्र कागदावर उत्तीर्ण होतं आणि जुलैच्या सरीत नापास होतं.

पिंपळपान

या ताडून पाहण्याला कोणी ‘अंशांकन’ लिहितात, कोणी ‘अंशशोधन’. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. अंशांकन म्हणजे काचेवर अंशांच्या रेघा आखणं, ते कारखान्यात एकदा होतं. आखलेले अंश अजून खरे आहेत का हे पुन्हापुन्हा शोधत राहणं म्हणजे अंशशोधन. आकडे आल्यानंतर जी तपासणी होते तिला ‘पडताळणी’ म्हणावं. यंत्राचं अंशशोधन, नोंदीची पडताळणी. ही दोन कामं एका शब्दात कोंबू नयेत.

‘अचूक’बद्दल : चूक नसलेला तो अचूक. दशांशाचा त्यात काही संबंध नाही. बारीक वाचता येतं त्याला ‘सूक्ष्म वाचन’ म्हणा.

वातकुक्कुट

याला उदाहरण देतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस दाखवलं. राजस्थानातल्या फलोदीचा २०१६ सालचा ५१ अंशांचा देशाचा उच्चांक मोडला, अशा बातम्या झाल्या. नंतर भारतीय हवामानशास्त्र विभागाने तपासणी केली, तेव्हा तिथला संवेदक ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निष्पन्न झालं. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका केंद्राने ५६ अंश दाखवलं, तेही संवेदकातल्या बिघाडामुळे. ५२.९ मधला तो ९ वाचकाला विश्वास देतो. वाचन सूक्ष्म होतं, अचूक नव्हतं.

हे फक्त नव्या यंत्रांचं नाही. लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदलेले ५८ अंश नव्वद वर्षं जगाचा उच्चांक म्हणून छापले गेले. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये ती नोंद बाद केली. तिथला तापमापक वाचायला अवघड होता आणि निरीक्षक नवखा होता. तेव्हा माणसाची ग्वाहीही तपासूनच घ्यायची.

मृगधारा

मग शेजारच्या सगळ्या मंडळांत ४० मिलिमीटर आणि एकातच ०.० असेल, तर ते शून्य खोडून टाकू?

वातकुक्कुट

खोडू नका, ताई. खूण करा. आकडा जसा आला तसा ठेवायचा आणि शेजारी ‘संशयित’ लिहायचं. का, ते मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास. दोन्ही एकाच शहरातली केंद्रं. शेजाऱ्याशी न जुळणारा आकडा चुकीचाच, असा नियम तिथे लावला असता तर महाराष्ट्राच्या इतिहासातली एक मोठी नोंद पुसली गेली असती. संशयित म्हणजे चूक नव्हे, चौकशी बाकी आहे एवढंच. तुमच्या उदाहरणात चौकशी सोपी आहे. पहाटे त्या केंद्राची आर्द्रता किती चढली, तापमान किती उतरलं ते बघा आणि कोणाला तरी नरसाळ्यात डोकवायला सांगा.

पिंपळपान

आणखी एक जोडतो. हवामान वार्तापत्रातले ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द मोघम वाटतात, पण त्यांना मोजमाप आहे. केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत पाऊस झाला तर तुरळक, ५० पर्यंत काही, ७५ पर्यंत बऱ्याच, त्यापुढे बहुतांश. तुंबलेल्या नरसाळ्यांची शून्यं यात मिसळली तर ‘बऱ्याच’चं ‘काही’ होतं. आपण वाचतो ते विशेषणसुद्धा नोंदीच्या दर्जावर उभं आहे.

पाऊस मोजण्यासाठी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारात, म्हणजे धान्याच्या कोठारात, अरत्नीएवढ्या, म्हणजे हातभर तोंडाचं कुंड ठेवायला सांगितलं आहे. त्याला शब्द आहे ‘वर्षमान’. प्रदेशवार पाऊस द्रोण या जुन्या मापात दिला आहे आणि अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणाला, ‘अमित’ म्हटलं आहे. मोजमापाच्या यादीतला हा शब्द मला फार आवडतो.

बांधावरून

आमच्या मंडळाच्या तक्त्यात ‘संशयित’ असा रकाना असता तरी पुष्कळ झालं असतं. निदान विचारायला जागा राहिली असती.

मृगधारा

मग तक्ता असा लावते : पाहून लिहिलेलं कोरडं ते ०.०, न आलेली नोंद ‘अप्राप्त’, तपासायची ती आकड्यासह ‘संशयित’. अप्राप्त दिवस बेरजेत धरणार नाही आणि ते किती होते ते खाली लिहीन. ‘निरंक’ फक्त सही असलेल्या कागदावर. थेंब पडले पण मोजण्याइतके नाहीत, अशा दिवसाला काय लिहू?

वातकुक्कुट

०.१ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ‘लेश’. बेरजेत तो शून्यच धरतात, २.५ मिलिमीटरशिवाय पावसाचा दिवसही मोजत नाहीत. पण रकान्यात लेश लिहाच, पावसाचा खंड अभ्यासणाऱ्याला तो उपयोगी पडतो. झुकती बादली मात्र लेश सांगू शकत नाही, पहिल्या ठोक्याइतकं पाणी जमेपर्यंत ती गप्पच असते. तो शब्द वहीवाल्या केंद्रांपुरताच ठेवा.