मदत हवी आहे: के-१ व्हिसाच्या (अमेरिकन सिटिझनशी लग्न करायला तिकडे जाण्याचा व्हिसा) कागदांचे किती सेट ठेवू?

नमस्कार मंडळी, होणारा नवरा अमेरिकन सिटिझन आहे, त्याने माझ्यासाठी भरलेला आय-१२९एफ (या व्हिसाचा पहिला अर्ज) मंजूर झालाय, आता मुंबईला इंटरव्ह्यू. अर्ज भरण्याआधीच्या २ वर्षांत प्रत्यक्ष भेटल्याचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवलेले, काल फाइल उघडली तर एकावरची शाई पार उडालीये, नावसुद्धा वाचता येत नाही आणि मी झेरॉक्स काढलीच नव्हती, पोटात गोळाच आला. पासपोर्टवरचे शिक्के आहेत म्हणा, पण तेवढं पुरतं का?

आता पीसीसी (पोलिसांचा दाखला), जन्मदाखला, त्याचा आय-१३४ (माझा खर्च उचलण्याची हमी देणारा फॉर्म) सगळं स्कॅन करतेय. तिकडे गेल्यावर ९० दिवसांत लग्न आणि मग ग्रीन कार्डलाही यातले बरेच कागद पुन्हा लागणार, तर तुम्ही किती सेट ठेवलेत? मेडिकलचं सीलबंद पाकीट उघडायचं नाही हे माहितीये, पण लसींच्या नोंदीची वेगळी कॉपी मागितली तर देतात का? प्लीज सांगा.