सोसायटीचा ग्रुप: मागच्या जमिनीच्या पट्ट्याचा दावा

बी-२०३: शेजारच्या प्लॉटवाल्यांची वकिलामार्फत नोटीस आली. 'पट्ट्याशी सोसायटीचा काहीही संबंध नाही.' कमिटी आज तरी काही बोलणार का?

सेक्रेटरी: ताई, रविवारीच सांगितलं. दावा टाकतोय.

ए-१०१: 'पट्टा सोसायटीचा' एवढं कोर्टाकडून जाहीर करून घ्या. खर्च कमी. बाकीचं नंतर.

सी-४०२ (वकीलकाका): तसं चालणार नाही. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट १९६३, कलम ३४ चं परंतुक (कलमाला जोडलेली अट) वाचा. पुढची दाद मागणं शक्य असताना नुसती घोषणा (म्हणजे हक्क आपला एवढंच जाहीर करणं) मागितली, तर कोर्ट ती देऊ शकत नाही. त्यांनी पत्रे ठोकून कुलूप घातलंय, म्हणजे ताबा गेला. घोषणेबरोबर ताबा मागायलाच हवा. ताबा आपल्याकडे असता तर घोषणा आणि मनाई हुकूम मागितला असता.

डी-३०४: पत्रे ठोकताना वॉचमन कुठे होता?

सेक्रेटरी: तो विषय इथे नको.

डी-३०४: तो कधीच नको असतो 🙏

बी-२०३: काका, गेल्या वर्षी मी दावा टाका म्हणत होते. तुम्हीच थांबवलंत.

सी-४०२: हो, कारण तेव्हा कोणी आपला हक्क नाकारत नव्हतं. नाकारणारा, निदान नाकारण्यात ज्याचं हित आहे असा कोणीतरी समोर लागतो. 'उद्या भांडतील' एवढ्यावर कोर्ट घोषणा देत नाही. आता नोटिशीतच नाकारलंय. आणि घोषणा द्यायची की नाही हा कोर्टाचा विवेकाधिकार आहे, त्यामुळे एकही कागद लपवायचा नाही.

ए-१०१: परत सांगतो, आधी नुसतं जाहीर करून घ्या. बाकीचं नंतर.

सी-४०२: साहेब, वरचा मेसेज वाचा ना.

बी-५०२: मग माझं पार्किंगही जाहीर करून घेतो 😄

सी-४०२: तो सभासद आणि सोसायटीतला वाद. सहकारी संस्था कायद्याचं कलम ९१, सहकार न्यायालय.

बी-५०२: म्हणजे तिथे जाऊ शकतो. सेक्रेटरीसाहेब, नोंद घ्या.

सेक्रेटरी: जरूर जा. आधी थकलेला मेंटेनन्स भरा.

डी-३०४: नोटिशीत त्यांच्या भावाचंही नाव आहे. त्यालाही प्रतिवादी करायचं?

सी-४०२: करायलाच हवं. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्याच कलम ३५ प्रमाणे घोषणा दाव्यातल्या पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक असते. भाऊ राहिला तर उद्या 'मला लागू नाही' म्हणेल. नोटिशीचं पाकीट जपा. घोषणेचा दावा टाकायची मुदत ३ वर्षं, तीही दाव्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाला तेव्हापासून. तारखेचा पुरावा लागेल.

ए-१०१: पण नुसतं जाहीर...

सेक्रेटरी: कन्व्हेयन्स डीड (जमीन सोसायटीच्या नावे झाल्याचा दस्त) आणि मोजणी नकाशा उद्या काकांकडे देतो.

बी-२०३: पाकीट माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट. सही घेऊनच देईन.