ब्रीडर अ‍ॅक्रेडिटेशनसाठी घरी तपासणीला येणार आहेत, नक्की काय बघतात? मदत हवी आहे

शेपटीवाली:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्याकडे लाली नावाची लॅब्रॅडॉर मादी आहे, अडीच वर्षांची, आणि तिची आई पण आमच्याकडेच असते पण तिचं ब्रीडिंग कधीच बंद केलंय. लालीच्या पुढच्या हीटला (माजाला) मेटिंग करायचं चाललंय आणि सगळं रीतसर करायचं म्हणून ब्रीड क्लबच्या अ‍ॅक्रेडिटेशनसाठी (म्हणजे ब्रीडर म्हणून क्लबची मान्यता) अर्ज टाकला, तर आता उत्तर आलंय की आधी एक जण घरी येऊन बघून जाईल. बास, एवढंच. काय बघणार, कोणाकोणाला भेटणार, काही लिहिलेलं नाही.

तर वेगळं केनेल लागतंच का? आमच्या दोघी घरातच असतात, सोफ्यावर झोपतात (हो, माहितीये). पिल्लांसाठी मागची खोली रिकामी करणार आहे पण आत्ता तिथे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आणि सायकल आहे, मग आत्ताच आवरून व्हेल्पिंग बॉक्स (मादी वितानाची पेटी) लावून दाखवायचा का? कागदपत्रं कुठली काढून ठेवू? आणि एकदा नापास झालं की परत अर्जच करता येत नाही असं एक जण म्हणाला, खरंय का ते? नवरा म्हणतोय आधी सोफ्यावरचे केस काढ.

चिंटूचा_बाबा:
नवऱ्याचं ऐका. बाकी मला यातलं काही कळत नाही, वाचतोय फक्त.

जुना_पट्टा:
ताई, मी बरीच वर्षं अशा तपासण्या करत होतो, आता सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. पहिलं म्हणजे क्लबकडे त्यांचे निकष लेखी मागा. लपवायचं काही नसतं त्यात, मागितले की देतात, आणि प्रत्येक क्लबचा फॉर्म थोडा वेगळा असतो.

केसांचं सोडा हो. दोन लॅब असलेल्या घरात एक केस दिसला नाही तर मलाच शंका यायची की कुत्री नेमकी राहतात कुठे. वेगळं केनेल अजिबात गरजेचं नाही, उलट घरात वाढलेली पिल्लं बरी, कारण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जे काही कानावर पडतं, जी माणसं हाताळतात, त्याची भीती पुढे वाटत नाही. बेल, मिक्सर, पोरांचा आरडाओरडा सगळं तेव्हाच ऐकलेलं चांगलं. खोलीचं म्हणाल तर सायकल असू दे, फक्त तुम्ही काय करणार ते तुम्हाला बोलून दाखवता आलं पाहिजे. बॉक्स कुठे ठेवणार, त्याला आतून कडेने दांडी असेल का (आई टेकली की पिल्लू भिंत आणि तिच्यामध्ये चिरडू नये म्हणून असते ती), ऊब कशी देणार. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची उष्णता नीट धरता येत नाही, म्हणून ऊब हवीच, पण बॉक्सच्या एकाच बाजूला, म्हणजे जास्त झाली तर सरपटत लांब जाता येतं. लालीला पण पिल्लांपासून उठून बाजूला जाऊन पडायला जागा पाहिजे, हे पुष्कळ लोक विसरतात.

मी सगळ्यात जास्त वेळ कुत्र्यांकडेच बघायचो. दार उघडल्यावर काय करतात, मालकाने हात उचलला की दबतात का, नखं किती वाढलीत, दात कसे आहेत, पायाच्या मागच्या बाजूला केसांची गुंती झालीय का, लघवीत बसून कातडी लाल झालीय का. आणि रिटायर झालेली कुत्री आवर्जून बघायचो. पिल्लं देणारीची बडदास्त सगळेच ठेवतात, म्हातारी कुठे आणि कशी ठेवलीय त्यावरून माणूस कळतो. तुमची सोफ्यावर असते म्हणालात ना, मग झालं.

टीकाकार_बोका:
मला हा सगळा प्रकार म्हणजे सर्टिफिकेट छापायचा धंदा वाटतो. तारीख सांगून येतात, आदल्या रात्री फिनाईल मारून दहातली सात कुत्री मित्राकडे नेऊन ठेवली की झालं पास. आणि मग वर्षानुवर्षं तोच बिल्ला लावून पिल्लं विकायची.

जुना_पट्टा:
बोकोबा, होतं असं, नाही म्हणणार नाही. पण वाढलेली नखं, गुंतलेले केस आणि माणसाला बुजणारी कुत्री एका रात्रीत दुरुस्त होत नाहीत. आणि दहातली सात लपवली तर कागद बोंबलतात, लसींची बिलं दहांची आणि समोर तीन, किंवा एकाच मादीची दोन वेतं इतकी जवळ की शक्यच नाही, मग मादी दुसरीच असणार. म्हणून चांगल्या क्लबात एकदा बघून संपत नाही, ठराविक काळाने परत येतात, कधी न सांगता पण. फक्त एकदाच येणारी स्कीम असेल तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

रानजाई:
इथे थोडी गल्लत होतेय म्हणून मध्ये बोलते. सरकारी परवाना आणि क्लबचं अ‍ॅक्रेडिटेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असलं म्हणून दुसरं माफ होत नाही. भारतात २०१७ चे डॉग ब्रीडिंगचे नियम आहेत, त्यात राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार बारा महिन्यांत तीन किंवा जास्त वेतं असतील तर कौन्सिलचा परवाना लागतो, तपासणीनंतर एक ते पाच स्टार मिळतात. कायदा किमान पातळी सांगतो, क्लब त्याच्या वर मागतो, मुख्य म्हणजे हेल्थ टेस्ट. शेपटीवाली, तुम्ही जिथे राहता तिथला परवाना लागतो का ते आधी बघा, पुष्कळ क्लब तो कागद पहिला मागतात.

शेपटीवाली:
बापरे, एवढं लिहिलंत, खूप आभार. परवान्याचं बघते आजच. हेल्थ टेस्टचं विचारायचंच होतं, लालीची डीएनए टेस्ट झालीय, पीआरएला (डोळ्यांचा आनुवंशिक आजार) कॅरियर आलीये, म्हणजे सदोष जीन एकाच पालकाकडून आलाय. म्हणजे संपलं का? हिपचा (खुब्याचा) एक्सरे अजून व्हायचाय.

गोचीडमार:
व्हेट आहे, म्हणून उत्तर देतो. संपलं वगैरे काही नाही. पीआरसीडी-पीआरए मध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रं आंधळं होतं, पण त्यासाठी सदोष जीन दोन्ही पालकांकडून यावा लागतो. कॅरियर मादीला क्लिअर नर दिला तर एकही पिल्लू आजारी होत नाही, सरासरी निम्मी कॅरियर निघतात, ती ब्रीडिंगला द्यायची तर आधी टेस्ट करायची. कॅरियर सरसकट बाद करत सुटलं तर जातीतलं चांगलं रक्तही कमी होतं आणि मग नात्यातल्या नात्यात मेटिंग वाढतं. कॅरियरला कॅरियर मात्र नाही म्हणजे नाही.

लॅबला याशिवाय हिप, कोपर, ईआयसी (जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडतात तो प्रकार) आणि डोळ्यांची प्रत्यक्ष तपासणी लागते, डीएनए केली म्हणून डोळे तपासायचे नाहीत असं नाही, सगळं काही डीएनएत सापडत नाही. हिपला ब्रिटिश पद्धतीत दर बाजूला ० ते ५३ म्हणजे एकूण १०६ पर्यंत गुण, जितके कमी तितकं चांगलं, आणि ते एक वर्षानंतर करता येतं, ओएफए या अमेरिकन संस्थेचं कायमचं सर्टिफिकेट दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच. लाली दोन्हीत बसते. एक्सरे हीटच्या आसपास नको, आणि मेटिंगच्या आधी रिपोर्ट हातात पाहिजे. तपासणीला येणारा हेच विचारेल की रिपोर्ट वाईट आला असता तर काय केलं असतं. "मेटिंग केलं नसतं" हे उत्तर खरं असेल तरच द्या.

जुना_पट्टा:
बरोबर. फाईलमध्ये एवढं ठेवा: दोघींचे चिप नंबर (कातडीखालच्या मायक्रोचिपचे), पेडिग्री म्हणजे वंशावळ, लस आणि जंताच्या औषधाच्या तारखा, टेस्टचे मूळ रिपोर्ट, आधीची पिल्लं कुठे गेली त्याची यादी, पिल्लू देतानाचा करार. करारात मालकाला जमलं नाही तर कुत्रं कुठल्याही वयात तुमच्याकडे परत येईल हे लिहा, मी तरी ते वाक्य नसेल तर पुढे जायचो नाही. रोजच्या वजनाचा कोरा तक्ता छापून ठेवलात तर उत्तम, पिल्लाचं वजन वाढायचं थांबलं हे डोळ्यांना कळायच्या आधी काट्याला कळतं. रात्री अडलं तर कुठल्या दवाखान्यात नेणार ते पण ठरलेलं हवं.

नापासचं राहिलंच. बहुतेक ठिकाणी काय दुरुस्त करायचं त्याची यादी आणि मुदत देतात. कायमचं दार बंद होतं ते कुत्र्यांचे हाल दिसले किंवा खोटे कागद दाखवले तर.

शेपटीवाली:
शेवटचे दोन. पुढे पिल्लं असताना कोणी तपासणीला आलं तर बूट काढा, हात धुवा म्हणणं उद्धटपणा होईल का? आणि ज्याचा नर बघितलाय तो म्हणतोय रिपोर्ट मेटिंग झाल्यावर पाठवतो, चालेल?

गोचीडमार:
बिनधास्त म्हणा. पार्व्हो (पिल्लांना जीवघेणा ठरणारा विषाणू) बुटाच्या तळव्यावरून येतो, जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने मरत नाही, ब्लीचसारखं काही लागतं. चांगला तपासनीस स्वतःच विचारेल, आणि तुम्ही सांगितलंत तर मनात एक गुण जास्तच देईल.

जुना_पट्टा:
नंतर पाठवतो वगैरे अजिबात नाही, ताई. रिपोर्ट आधी, ब्रुसेलाची (मेटिंगमधून पसरणारा जंतू) टेस्ट पण आधी, नराची आणि लालीची दोघांची. आणि रिपोर्टवर चिप नंबर आहे का बघा, मग त्या नराच्या मानेवरून स्कॅनर फिरवून तोच नंबर येतो का ते स्वतः बघा.